गिरवलेली रेघ

शनि., ८ फेब्रु.
परत गेलो त्या चिनी सुलेखनाच्या क्लासला. लायब्ररीच्या वरच्या खोलीत कापूर आणि काजळी एकत्र कुजल्यासारखा शाईचा वास. बाकीचे डोळे मिटून म्हणतात, ‘लव्हली’. शिसारी येते. मार्गारेटबाई ब्रश धरण्याआधी योगासारखा श्वास घेतात. घ्या.

शेन सर सत्तरीचे. इतके आठवडे झाले, एकच आडवी रेघ शिकवतायत. चिनीत तिचा अर्थ ‘एक’. रेघ उजवीकडे न्यायची तर ब्रश आधी किंचित डावीकडे न्यायचा, म्हणजे टोक आत लपतं. आणि काढलेल्या रेघेवर परत ब्रश नाही. कधीच नाही. “ती तुमच्या हाताची घटना आहे. घडून गेली.” म्हणे.

मी जातो तो गार्गीसाठी. ती नाशिकची, इथे लंडनजवळ रीडिंगला आयटीत. आज सगळ्यांना सांगितलं, ग्लासगोला बदली. २३ला जाणार. मार्गारेटबाईंच्या आधी मला का नाही सांगितलं?

मंगळ., ११ फेब्रु.
स्लाऊहून वेअरहाऊसची शिफ्ट संपवून आलो. जेवताना बाबा: “चिन्मय, डिग्री अर्धी टाकलीस. आता रेघ तरी पुरी कर.” आई हसली. हसली! ताट सरकवून उठलो.

शुक्र., १४ फेब्रु.
लायब्ररीत सराव झाल्यावर गार्गीनं गाडीतून घरी सोडलं. निघण्याआधी, कार पार्कमध्येच मनातलं बोललो. एका दमात, जसं आलं तसं. ती गप्प. फक्त माझ्याकडे बघत होती. त्या गप्पपणाला घाबरून मी म्हणालो, “अगं, गंमत केली. आज व्हॅलेंटाइन ना!”
“बरं,” म्हणाली. सीट बेल्ट लावला.
थू माझ्या जिभेवर.

शनि., १५ फेब्रु.
क्लासमध्ये डोकं फिरलेलं. गा. पलीकडच्या टेबलावर, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. अख्ख्या खांद्यानं फराटा मारला. मध्ये थरथरला, शेवटी शाई सुकून फाटला, पांढऱ्या चिरा पडल्या. चुरगाळणार तेवढ्यात सरांनी मनगट धरलं.
“पुढच्या शनिवारी क्लासचं प्रदर्शन. त्यात हीच लावायची. इथे शाई संपली, बघ. हात संपला नाही.”
हे भिकार फडकं भिंतीवर? खाली माझं नाव?
सगळ्यांनी आपापलं घरी न्यायचं, आठवडाभर भिंतीवर लावून बघायचं. हात लावायचा नाही.

बुध., १९ फेब्रु.
बघितलं. रोज बघितलं. रोज त्या चिराच दिसतात. गा. शनिवारी हेच बघणार आणि ग्लासगोला जाताना माझी हीच आठवण घेऊन जाणार.

लहानपणी आई पाटीवर ‘श्री’ काढून द्यायची. मी गिरवायचो. “गिरव, जितकं गिरवशील तितकं वळण येईल.” हाताला तेवढंच माहीत. बसलो, ब्रश घेतला, एकेक चीर भरली. थरथर झाकली. आता कशी ठसठशीत दिसते. काळीभोर.

शनि., २२ फेब्रु.
सरांनी कागद हातात घेतला, खिडकीशी नेला, उजेडासमोर धरला. झालं. कागदच तसला, सगळं पिऊन ठेवतो. जिथे जिथे परत ब्रश फिरवला तिथे दाट डाग, रेघेच्या आत दुसरी रेघ, जखमेवर धरलेल्या खपल्यांसारखी.
“इथे दोन माणसं आहेत,” सर म्हणाले. “पहिला कुरूप होता. पण जिवंत होता.” घडी घालून कागद परत दिला. लावला नाही.
मार्गारेटबाई “ओ डिअर” म्हणाल्या. मी ओरडलो, “रेघच आहे ना शेवटी!” सत्तरीच्या माणसावर. किळस आली स्वतःची.

जिन्यात गा.नं गाठलं.
“गिरवलीस ना?”
“घाण दिसत होती.”
“चिन्मय, तू प्रत्येक गोष्टीवर परत ब्रश फिरवतोस. कार पार्कमध्येही तेच केलंस.”
“मग आता काय करू?”
“मला काय विचारतोस? उद्या साडेदहाची ट्रेन आहे माझी.”

रवि., २३ फेब्रु.
सकाळी एक कागद होता शिल्लक. सुरुवातीलाच हात अडला, शाईचा गोळा झाला. पुढे रेघ तिरकी, शेपटाशी फाटलेली. कालच्यापेक्षा वाईट. ब्रश लगेच नळाखाली धुऊन टाकला, नाहीतर माझा भरवसा नाही.

प्लॅटफॉर्मवर दिला तिला.
“हे काय?”
“रेघ.”
“आणि?”
“त्या दिवशी गंमत नव्हती.”
बघत राहिली, त्या दिवशीसारखीच. “पुढे काही जोडणार आहेस?”
तोंडाशी आलं होतं, ‘तू टेन्शन नको घेऊस हं, सहज म्हटलं.’ गिळलं. कडू लागलं.
“नाही.”

चढली. खिडकीशी बसली, सुरळी उलगडली आणि कागद उजेडाकडे, थेट काचेला लावून धरला. सरांसारखाच. बाहेरून मला फक्त मागची बाजू दिसत होती: गोळा, तिरकी रेघ, फाटलेलं शेपूट. तिचा चेहरा कागदाआड.

ट्रेन हलली. कागद अजून काचेवरच होता.