एका पाकळीला दोन सवाल

पार्से, पेडणे
बुधवार, २४ जानेवारी २०१८, रथसप्तमी

प्रिय आते,

पाया पडते. गुडघ्याला तेल लावून घेतेस ना? इथे सगळे बरे आहेत. काजूंना मोहर चांगला आलाय. बाबा रोज सकाळी जाऊन बघून येतात आणि रोज तेच सांगतात.

आधी एक दुरुस्ती. सोमवारच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आईने माझ्या शर्यतीसाठी देवळात कौल लावून प्रसाद घेतला आणि मूर्तीवरची उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. ते चूक आहे. प्रसाद घेतला होता, पाकळीही उजवीच पडली. पण तो शर्यतीसाठी नव्हता. मला ते आज दुपारी कळलं. ते पत्र अजून पोचलं नसेल तर वाचताना तेवढी ओळ सोडून दे. पडवीत मला पाटीवर अक्षरं शिकवताना तू म्हणायचीस, चुकलं तर पुसून लपवू नये, खाली बरोबर करून लिहावं. पुढे शाळेतल्या बाई पुसायला सांगायच्या आणि मी रडायचे. अजून माझं तसंच आहे.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललं की आई ऐकते. म्हणून पत्र.

शर्यतीचं मी थोडक्यात लिहिलं होतं: मोरजीच्या समुद्रात पोहले, मग सायकल, मग धावले, पूर्ण केलं, पदक मिळालं. हे खरं आहे. पण पाण्यातलं सगळं लिहिलं नव्हतं.

तुला ठाऊक आहे, दोन वर्षांपूर्वी मी सर्वणच्या सासरहून इथे आले तेव्हा देवळाच्या पायऱ्या चढताना मला दम लागायचा. थायरॉईडने अंग सुजलं होतं, केस मूठमूठ जात होते. सासूबाईंनी बॅग भरून दिली आणि म्हणाल्या, "माहेरी जाऊन बरी हो. बरी झालीस की ये." तुषार स्टँडपर्यंत आले होते. गोळ्यांची पिशवी त्यांनीच माझ्या हातात दिली. वाईट कोणीच काही बोललं नाही. हे मी तुला पुन्हा सांगते, कारण सोयरीक तू आणली होतीस आणि तुला बोल लागू नये.

तेव्हापासून पार्सेत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. "बरी झालंस मगे?" बसस्टॉपवर, गिरणीवर. तुषारचा फोन चतुर्थीला आणि दिवाळीला यायचा. "वजन किती झालं?" मी खरं ते सांगायचे. ते म्हणायचे, "मग अजून थोडं राहा."

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालू लागले. चालायची ती धावू लागले रेश्मामुळे. रेश्मा माझ्याबरोबर शिकलेली, आता पेडण्याला एका शाळेत खेळ शिकवते. तिनेच मला म्हापशाला तलावात पोहायला नेलं, भावाची सायकल दिली आणि न विचारता शर्यतीत नाव घातलं. मी म्हटलं, माझ्याने होणार नाही. ती म्हणाली, "तुका जिंकूक कोण सांगता गो? पाण्यातसून जिवंत भायर ये, सायकल मार, मगे चलत गेलंस तरी चलता." आई पोहायचे कपडे बघून म्हणाली, "ह्यां घालून लोकांमुखार?" त्यावर बाबा म्हणाले, "दर्यात कोण बघता? बांगडे."

रविवारी शर्यत सुरू झाली. पाण्यात शिरताच सगळे पुढे गेले. तलावात तळ दिसतो. समुद्रात खाली नुसता हिरवा अंधार. लांबच्या पिवळ्या फुग्याला वळसा घालून परत यायचं होतं. अर्ध्यात माझा श्वास चुकला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. मदतीला होड्या होत्या. दम लागला तर होडीला धरून थांबलेलं चालतं. हात वर केला तर मात्र वर काढून घेतात आणि शर्यत तिथेच संपते. मी होडी धरली. होडीवाला म्हणाला, "धर बाये, धरूक पैशे पडणत नाय." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काढू वर?"

आते, मला हो म्हणायचं होतं. बुडायच्या भीतीने नाही, दम तर परत आला होता. मनात आलं, हे पूर्ण केलं तर मी बरी झाले. हात वर केला तर अजून बरी नाही, म्हणजे अजून इथे राहता येईल. असला विचार माझ्या मनात येऊ शकतो हेच मला माहीत नव्हतं. मग वाटलं, अशाने माहेरी राहण्यासाठी मला जन्मभर आजारी राहावं लागेल.

मी होडी सोडली.

सायकलचं मला फारसं आठवत नाही, समोरून वारा होता एवढंच. धावताना पोटऱ्यांत गोळे आले, म्हणून मधे मधे चालले. शेवटच्या कमानीपाशी बाबा ओरडत होते, "आमचां चेडू पावलां! पावलां गो!" बिनलग्नाची मुलगी आपल्याकडे 'तां', म्हणजे 'ते'; लग्न झालं की चेडवाची 'ती' होते, 'तां' राहत नाही. बाबा 'पावली' न म्हणता 'पावलां' म्हणाले, ते ऐकून मी पदक घ्यायच्या आधीच रडले. लोकांना वाटलं, दमली.

आज आईचं हळदीकुंकू होतं. मी तिळगूळ वाटत होते. शेजारच्या जानकीकाकू म्हणाल्या, "काय गो, वळखूक येणा नाय, किती बारीक झालंस!" आई खुशीत म्हणाली, "देवाचो प्रसाद खरो झालो. मी विचारलंलंय, चेडू बरी होऊन घोवाच्या घराक जातली काय. उजवी पाकळी पडली." आणि पुढे सांगितलं, की तिने सर्वणला फोन केलाय आणि रविवारी ते गाडी घेऊन मला न्यायला येणार आहेत. बायका "बरां झालां, बरां झालां" म्हणू लागल्या. एकीने माझ्याच ताटलीतला तिळगूळ उचलून माझ्या तोंडात घातला. मी तो गिळला.

सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात विचारलं, "आई, मला विचारलंस काय?"

"देवाक विचारलंय. देवापरास तू मोठी?"

"बरी होईन काय, हा एक सवाल. जाईन काय, हा दुसरा. पाकळी एकच पडली."

एका प्रसादाला एकच सवाल घालायचा असतो, हे आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बाबा दारातून म्हणाले, "एका पाकळीक दोन सवाल? देवाकय घोळात घातलंस गो!"

आई हसली नाही. "तुमी गप रवा. लोक काय विचारतत तां माका विचारतत, तुमका नाय."

तेही खरं आहे. लोकांना दोन वर्षं तिनेच उत्तरं दिलीत. तिच्यावर मला फार वेळ रागावता आलं नाही.

पण प्रसादातला घोळ दाखवून मी सुटू बघतेय, असं तुला वाटू नये. आईने दोन्ही सवाल वेगवेगळे घातले असते आणि दोन्ही वेळा उजवी पाकळी पडली असती, तरी मला सर्वणला राहायला जायचं नाही. हे एक वाक्य लिहायला मला सगळी संध्याकाळ लागली. तुषार वाईट नाहीत. पण मी पुन्हा आजारी पडले तर ती बॅग पुन्हा भरली जाईल, आणि त्यात काही चुकतंय असं त्या घरात कोणालाच वाटणार नाही.

मला भीती त्यांची नाही, तुझी आहे. सासूबाई तुला साखळीच्या बाजारात भेटतील आणि म्हणतील, "तुमची भाची." शब्द तू दिला होतास. तू मला दार उघडलं नाहीस तर ते मला समजेल, पण सोसणार नाही.

गाडी दारात आली आणि आईने ओटीचं ताट मांडलं, की माझ्याने तोंड उघडवणार नाही. मी मला ओळखते. म्हणून ते यायच्या आधी मीच त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांगणार आहे. बाबांना सांगितलंय. ते म्हणाले, "येव काय सांगाती?" मी नको म्हटलं, मग घाबरले, मग म्हटलं, डिचोलीच्या स्टँडपर्यंत या. पुढे मी एकटी. तिथून निघाले की साखळीची बस धरून तुझ्याकडे येईन.

शुक्रवारी टपालाला सुट्टी आहे, तेव्हा हे पत्र तुला माझ्याआधी मिळेल की नंतर, सांगता येत नाही. नंतर मिळालं तर मी तोंडाने जे सांगितलं असेल ते ह्याच्याशी ताडून बघ.

त्या दिवसानंतरही तुझीच, तुला हवी असेन तर,
भाग्यलक्ष्मी

ता. क. सर्वणला जायचा दिवस लिहायचा राहिला. शनिवार, २७ जानेवारी.