शारदाकाकूंचा आवाज

॥ श्री ॥
झाशी, दि. ८ एप्रिल

ती. इंदुआत्येस,
मंदारचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र चिरगावच्या बसवाल्याने काल हाती दिले. पाकिटाला कैरीच्या लोणच्याचा वास होता, बरणी मात्र नव्हती. आईने विचारले आहे की बरणी मध्ये कुठे उतरली.

मला काम मिळाले आहे. पॉलिटेक्निक अर्धे सोडल्यापासून बाबा माझ्याशी फक्त विजेच्या बिलाविषयी बोलत असत. आता जेवताना आज काय केलेस म्हणून विचारतात. काय केले ते मला त्यांना नीट सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो.

तुमच्या भजनी मंडळातल्या शारदाकाकू मोघे नगर निगमाच्या निवडणुकीत पार्षद व्हायला उभ्या आहेत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला तो गेलाच. जवळ बसले तर पडदा हलल्यासारखे काहीतरी ऐकू येते. त्यांचा मुलगा मिलिंददादा म्हणाला की भाषण न करणाऱ्या उमेदवाराला लोक फोटोतला पाहुणा समजतात. म्हणून त्याने एक ॲप आणले आहे. गणेशोत्सवात काकू कार्यक्रमाचे निवेदन करत, त्याची जुनी रेकॉर्डिंगे आम्ही त्याला ऐकवली. आता मी हिंदीत किंवा मराठीत वाक्य लिहितो आणि काकू ते बोलतात. म्हणजे काकू नाही, त्यांचा आवाज. मग तो व्हॉट्सॅपवर वॉर्डातल्या एकेकाला जातो, ज्याच्या त्याच्या नावाने.

पहिला संदेश काकूंना ऐकवला तेव्हा त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग फोन कानाशी धरून गच्चीवर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. खाली आल्यावर एवढेच म्हणाल्या की ही बाई बरी बोलते, हिला उभी करा.

सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी बसतो. खिडकीला वाळ्याचा पडदा आहे, त्यावर पाणी मारले की खोलीत हिरवा अंधार होतो. दुपारी बाहेर लू वाहते आणि आत उत्तरे येऊ लागतात. आत्या, लोक तिला खरेच उत्तर देतात. कुणी नळाचे सांगतो, कुणी सुनेचे. एका भैयाने शाळेत पाठ केलेली कविता पूर्ण म्हणून दाखवली, कारण ती काकूंनी शिकवली होती. कानात इअरफोन घालून मी ऐकत राहतो आणि मला वाटते मी तळ्याच्या तळाशी बसलो आहे, वर नावा जात आहेत आणि नावांतली माणसे खाली वाकून बोलत आहेत.

मला फक्त प्रचाराचे संदेश पाठवायचे काम आहे. पण आपल्या घरात आलेल्या पत्राला उत्तर न देणे पाप मानतात, म्हणून मी सगळ्यांना उत्तर देतो. यात काही चुकते आहे का, ते लिही.

ती. काकांना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती उन्हाळ्यात आटू देऊ नये.

तुझा,
मंदार

॥ श्री ॥
एरच, दि. १३ एप्रिल

चि. मंदारास,
इंदुआत्याचे अनेक आशीर्वाद.

बरणी चिरगावला कंडक्टरच्या बायकोकडे उतरली. बाळंतीण आहे, तिला हवी होती. आईला सांग, दुसरी घालते आहे.

माझे कान बंद झाल्यापासून मला सगळी माणसे मासळीसारखी दिसतात, नुसती तोंडे हलवणारी. बेतवेच्या घाटावर बायका कपडे आपटतात ते मला धोब्याच्या स्वप्नासारखे दिसते. तेव्हा आवाजाबद्दल मला विचारतोस, हे म्हणजे आंधळ्याला रांगोळी विचारण्यासारखे झाले. तरी लिहिते.

प्रचाराचा निरोप पाठवलास, ठीक. निवडणुकीत सगळेच दुसऱ्याने लिहिलेले बोलतात. पण त्या भैयाला कविता छान म्हटलीस असे कोण म्हणाले? शारदाला त्या कवितेचे कळले का? पत्राला उत्तर द्यावे हे आपल्या घरात खरेच, पण ज्याच्या नावाने आले त्याने.

आणि एक. रेल्वे कॉलनीच्या मागल्या गल्लीत कुसुमावती राहते, ती या वॉर्डातच येत असणार. तिला काही पाठवू नकोस. ती, शारदा आणि मी एका सतरंजीवर बसून गात होतो, टाळ कमी पडले तर एक जोडी दोघींत वाटून घेत होतो. तीन वर्षांपूर्वी कुसुमचे यजमान गेले आणि शारदा भेटायला गेली नाही. दिवसांत नाही, नंतरही नाही. मी दोनदा शारदेला लिहून विचारले, तिने उत्तरात नुसते नदीच्या पुराचे विचारले. तेव्हापासून कुसुम तिचे नाव घेत नाही, कुणी तिचा विषय काढला तर उठून जाते. मी मेले की शारदेला कळवू नका, असे मला लिहिते. मी तिला लिहिले की तू आधी मर तर खरी.

उन्हात डोक्याला पंचा बांधत जा. तुझा विसर पडत नाही, तूही पडू देऊ नकोस.

तुझी,
इंदुआत्या

॥ श्री ॥
झाशी, दि. १७ एप्रिल

ती. इंदुआत्येस,
मंदारचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र यायच्या आधीच ते झाले होते. नीट क्रमाने लिहितो, कारण क्रम चुकला तर मी आहे त्याहून वाईट दिसेन.

कुसुममावशींना इतरांसारखाच संदेश गेला होता. पाच दिवस काही नाही. मग एका दुपारी त्यांचा आवाज आला. सुरुवातीला त्यांनी खूप सुनावले. म्हणाल्या की वोट मागायला बरे तोंड उघडतेस, बड़ी आई नेताइन, मोठी पुढारी. मग म्हणाल्या की हे गेले तेव्हा दाराशी चप्पल वाजली की मला वाटे तू आलीस. मग काहीच नाही, नुसता कूलरचा आवाज, तो खूप वेळ. तो मी पूर्ण ऐकला.

मला तो तसा सोडवेना. बाबा लोकांकडे भेटायला जातात तेव्हा जे बोलतात ते आठवून मी लिहिले. कुसुम, तेव्हा येऊ शकले नाही, त्याचे दुःख माझ्या जिवाला आहे. ते गेले आणि तू एकटी सोसलेस. आणखी दोन वाक्ये होती. शारदाकाकूंच्या आवाजात ते ऐकले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. वाटले, त्या खरेच असे म्हणाल्या असत्या. पाठवून टाकले.

संध्याकाळी उत्तर आले. मावशी रडत होत्या. म्हणाल्या की बोललीस, झाले, माझे मन मोकळे झाले, माफ केले. मग त्याच दमात म्हणाल्या की आवाज अजून तसाच आहे गं तुझा, मी मात्र पार बेसुरी झाले.

आत्या, त्या रात्री मी फार सुखात झोपलो. मला स्वप्न पडले की सगळा वॉर्ड पाण्याखाली आहे आणि प्रत्येक घरात दिवा आहे. सकाळी उठल्यावर कळले की मी काय केले. क्षमा केली ती कुसुममावशींनी, मिळाली ती कुणालाच नाही. काकूंना यातले अक्षरही ठाऊक नाही.

याहून वाईट पुढे आहे. मिलिंददादाने फोन तपासताना ते रडणे ऐकले. त्याला फार आवडले. म्हणतो की याची रील करू, खाली मम्मीचा फोटो लावू, रेल्वे कॉलनीची अख्खी गल्ली आपली होईल. रविवारी टाकणार आहे. मी म्हटले की त्यांना विचारायला हवे. तो म्हणाला की मंदार भैया, तुम शुद्धलेखन देखो.

काकूंना सांगितले तर मावशींचे मोकळे झालेले मन मी पुन्हा बंद करीन. न सांगितले तर रविवारी ते रडणे प्रत्येकाच्या फोनवर वाजेल. बसवाल्याला थांबवून ठेवले आहे. उत्तर त्याच्याच हाती दे.

रागाव, पण जवळ ठेव.

तुझा,
मंदार

॥ श्री ॥
एरच, दि. १८ एप्रिल

चि. मंदारास,
अनेक आशीर्वाद.

बसवाला अंगणात ताक पितो आहे, म्हणून थोडक्यात.

तू वाईट मुलगा नाहीस, पण भेटायला जाणे म्हणजे काय ते तुला कुणी शिकवले नाही. बाबा जे बोलतात ते तू ऐकलेस. बोलतात ते त्यांना बसवत नाही म्हणून. आपल्यात भेटायला जातात ते बसायला. जाजमावर बसायचे, समोरच्याने बोलले तर ऐकायचे, नाहीतर भिंतीकडे बघायचे. माझे यजमान आजारातून उठले नसते तर मला कुणाचे शब्द ऐकू येणार होते? पण कोण येऊन बसले ते दिसले असते.

शारदेला आज सांग. मिलिंदाला नाही, आधी तिला. कुसुमचे रडणे तिचे आहे, ते ना तुझे ना मिलिंदाचे. आणि शारदा जाईल तर तू बरोबर जा आणि तुझे तू सांग. ते तिच्यावर टाकू नकोस, तिला तर सांगताही येणार नाही.

कुसुम तुला बोलेल. बोलू दे. काय झाले ते कळव, मला इथे बसून काहीच ऐकू येत नाही.

आशीर्वाद पाठीशी आहे, मागे वळून बघू नकोस.

तुझी,
इंदुआत्या

॥ श्री ॥
झाशी, दि. २२ एप्रिल

ती. इंदुआत्येस,
मंदारचा सा. न. वि. वि.

रील टाकली नाही. ॲपमधून आवाज पुसला. सगळ्यांना मी काकूंच्या सांगण्यावरून लिहून कळवले की आधीचा आवाज यंत्राचा होता. त्यावर समोरच्या पार्टीने गंमत सुरू केली आहे. गुपचुप चाची को गुपचुप वोट, असे फिरते आहे. मिलिंददादा माझ्याशी बोलत नाही. निवडणूक जाईल असे त्याला वाटते, मलाही वाटते. आता घडले ते लिहितो.

तुझे पत्र वाचून मी काकूंसमोर उभा राहिलो आणि सगळे सांगितले. त्यांनी पंखा बंद करायला लावला, कारण त्यांचे बोलणे पंख्यात बुडते. मग तो संदेश ऐकवायला सांगितला. स्वतःच्या आवाजात स्वतः न केलेले सांत्वन त्यांनी डोळे मिटून ऐकले. माझ्यावर रागावल्या नाहीत. मिलिंददादाने वर येऊन वाद घातला, की मम्मी, इलेक्शन के बाद चली जाना. काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो गल्लीतली रिक्षा बोलावून आणायला गेला.

दुपार होती. लू अंगाला चाटत होती. काकूंनी गळ्यातला पक्षाचा पट्टा काढून ठेवला आणि त्या साधे सुती लुगडे नेसल्या. रस्त्यात कुणी नव्हते. कडुलिंबाची फुले इतकी पडली होती की सायकलरिक्षाच्या चाकांचा आवाज येत नव्हता. मला वाटले आपण रस्त्यावरून नाही, कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत.

कुसुममावशींनी दार उघडले आणि हसल्या. आज सकाळीच सांगितले असतेस तर करंज्या केल्या असत्या, म्हणाल्या. काकू आत जाऊन खाली बसल्या. मी उभ्यानेच सांगितले. तो आवाज यंत्राचा होता, शब्द माझे होते, काकूंना माहीत नव्हते.

मावशींचे हसू लगेच गेले नाही, हळूहळू गेले. त्यांनी मला विचारले की मग मी माफ केले ते कुणाला. म्हणाल्या की तुझ्या बापाला ओळखते मी, त्याने तुला एवढेच शिकवले का. मी मान खाली घातली. नंतर त्या काकूंकडे वळून म्हणाल्या की आणि तू, आता तरी बोल. काकू बोलल्या. कूलर चालू होता, काहीच ऐकू आले नाही. मावशींना वाटले की ती गप्पच आहे आणि त्यांचा आवाज चढला. मी कूलर बंद केला.

तेव्हा मावशींनी ती फुसफूस पहिल्यांदा ऐकली. त्या पुढे सरकल्या, आणखी सरकल्या, अगदी कान ओठांशी नेला. मला दारातून काही ऐकू येत नव्हते, फक्त मावशींचा चेहरा दिसत होता. काकूंनी काय सांगितले ते मला परतताना कळले. मावशींचे यजमान गेले त्या आठवड्यात काकू लखनऊच्या इस्पितळात होत्या. तिथेच डॉक्टरांनी गळा कापला, आवाज तेव्हाच गेला. घरच्यांना शपथ घातली होती की कुणाला कळवायचे नाही, मला असे कुणी बघायला नको. पुढे लाज वाटली, आणि लाजेला तीन वर्षे झाली.

मावशी मागे सरकून बसल्या. मग म्हणाल्या की म्हणजे तेव्हा तुझेही काही गेले होते. आणि तुला भेटायलाही कुणी आले नाही.

त्यांनी उठून कोपऱ्यातले जाजम आणले, अंथरले, आणि आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतो तशा काकूंच्या समोर बसल्या. पाय दुमडून, पदर खांद्यावरून घेऊन. कोण कुणाकडे आले आहे ते मला कळेना. कुणी बोलत नव्हते. भिंतीवरचे ऊन तांबडे झाले, मग गेले. मी पाणी आणून ठेवले, ते कुणी प्यायले नाही. आत्या, तुला ऐकू आले नसते म्हणून काही बिघडले नसते. तू असतीस तर तुला सगळे कळले असते, मला कळले त्यापेक्षा जास्त.

निघताना काकूंनी येते असे म्हटले नाही, मावशींनी ये म्हटले नाही. अशा घरातून तसे म्हणत नाहीत, एवढे मला माहीत होते.

पुढच्या सोमवारी तू इकडे ये, बसवाल्याशी मी बोललो आहे. जाजमावर तिसऱ्या माणसापुरती जागा आहे.

वाट पाहणारा,
मंदार