सुनेची कोरडी पोळी

१० जानेवारी १९७६

सासूबाई नरखेडहून आल्या. टोपलीभर संत्री, आणि खास माझ्यासाठी दही! "काहून वं, चमचाभरानं काय होते?" दुधाचं काहीही खाल्लं की घसा सुजतो हो, श्वास अडकतो! लग्नाआधीच सांगितलं होतं. तरी शेजारणीला म्हणाल्याच — "शहरातल्या पोरीचे नखरे." ऐकलं मी. असा राग आला! भांडी जरा आपटलीच.

१५ जानेवारी

हे म्हणतात, रविवारी कोराडीहून नागपूरला जाऊ, आईलाही घेऊ, बाहेर जेवू. मी? हॉटेलात? जन्मात बाहेरचं खाल्लं नाही. कशात दूध, कशात खवा, कोणाला ठाऊक! हे म्हणाले, "सावजी खानावळीत सगळं जवसाच्या तेलात. मी स्वतः विचारतो."

१८ जानेवारी

हे सरळ भटारखान्यातच घुसले! मालक धोंडबा वैतागले — "साहेब, दुधाचा थेंब नाही इथं. चहासुद्धा ठेवत नाही आम्ही!"

मटण असलं झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी. ह्यांचा चेहरा पांढराफटक! "काय होऊन राहिलं तुले?"

"तिखट आहे हो!"

किती हसलो! चारचौघांत बसून, न भिता जेवत होते मी. काय सुख ते!

डोळ्यांवर पाणी मारून आले, पोळीचा घास घेतला. ओठ चुरचुरले. मग घसा आवळला. समोरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

सासूबाई दारात रडत उभ्या. हातात डबी, घरच्या तुपाची! पिशवीतून आणली होती. मी डोळे धुवायला उठले तशी माझ्या पोळीला चोपडलं. "नव्या सुनेले कोरडी पोळी खाऊ देऊ काय मी? तूप म्हणजे दूध थोडंच हाय!"

रागवायला हवं होतं. नाही जमलं.

१९ जानेवारी

बरी आहे. तोंड अजून भोपळ्यासारखं. सासूबाई घडीघडी येऊन घसा बघतात. गावी जायचं नाव नाही.

२९ फेब्रुवारी

पुन्हा धोंडबांकडे! आत जायच्या आधी ह्यांनी आईची पिशवी तपासली. सासूबाई जाम फुगल्या. मी मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. कोरड्या!

२२ मार्च

मला दिवस गेलेत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रोज दूध प्यायचं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठून उभ्या — "दूध नाही, दही नाही, तूप बी नाही. माह्या सुनेले दुसरं काय देऊ, ते सांगा."