शेजारणीच्या खाजेबद्दल मावशीस

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (आता वाकता येतं, उकिडवंही बसता येतं, ते कसं हे पुढे येईलच.) तुझे गुडघे बरे असतील. काकांच्या खोकल्याची विचारपूस करत नाही, कारण विड्या सुटल्याशिवाय तो जाणार नाही आणि विड्या सुटणार नाहीत. परवा फोनवर तू म्हणालीस की तुझ्या शेजारणीला "तिथे" खाज सुटते, तर माझं उरलेलं मलम तिच्यासाठी पाठव. आपल्या घरात पोटाखाली आणि मांडीच्या वर जे काही आहे त्याला "तिथे" म्हणतात, आणि तिथे जे काही होतं त्याला उष्णता म्हणतात. मीही तेच शिकले, म्हणून माझी काय शोभा झाली ते आधी ऐक.

दाढ सुजली म्हणून दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. दाढ शांत झाली आणि खाज सुरू झाली. दिवसभर मशीनवर गणवेश शिवायचे, समोर मुकादमबाई, खाजवणार कुठे? मी सारखी दोरा आणायला उठू लागले. बाईंना तो कामाचा उत्साह वाटला आणि त्यांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. (आजवरचं एकमेव.) मी मात्र स्टुलाच्या रेक्झिनवर संशय घेतला आणि इतकी भांडले की सगळ्याजणींना सुती गाद्या मिळाल्या. बाकीच्या सुखात बसल्या, माझी खाज तशीच. मग साबण बदलला. मग जखमा धुवायचं औषध पाण्यात मिसळून तिथे ओतलं, आणि अशी आग झाली की मी न्हाणीघरात नाचले. आमचे हे बाहेरून विचारू लागले, पाल आहे का? मी हो म्हटलं. बिचारे झाडू घेऊन बराच वेळ दारात उभे होते.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि तोंडातून निघालं ते असं, की माझ्या मैत्रिणीला त्रास आहे. बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, मैत्रिणीला टेबलावर झोपायला सांगा." झोपले. (करते काय?) त्यांनी तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला आणि बुरशीचा संसर्ग निघाला. खाज, लाली, सूज, लघवीला जळजळ, नवरा जवळ आला तरी जळजळ, आणि नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं अंगावरून घट्ट पांढरं जाणं, ज्याला फारसा वास नसतो, ही त्याची लक्षणं. अँटिबायोटिकमुळे अंगातले उपयोगी जंतूही मरतात आणि बुरशीचं फावतं. यात घाण नाही, पाप नाही आणि उष्णता तर नाहीच नाही. धुवायला साधं पाणी पुरतं. औषध सांगितलं तितके दिवस घेतलं, बरी झाले, मलम थोडं उरलं.

ते मी पाठवणारच होते, पाकीटसुद्धा आणलं होतं. पण फोन ठेवता ठेवता तू हळूच म्हणालीस ते डोक्यातून जाईना, की शेजारणीला वासही येतो, आणि पाळी जाऊन इतकी वर्षं झाली तरी मधूनच लाल डाग दिसतो. मावशी, ही माझ्यासारखी गोष्ट नव्हे. वास येऊ लागला, जाण्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, ओटीपोटात दुखलं किंवा ताप आला, तर दुखणं वेगळं असू शकतं. आणि पाळी गेल्यावर डाग दिसला तर वाट बघायची नसते. मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम जाऊन विचारलं. बरेचदा साधंच कारण निघतं म्हणाल्या, पण ते तपासल्यावर ठरतं, घरी बसून नाही. मला भीती वाटते आहे, ती लपवत नाही. तेव्हा मलम येणार नाही. रुसलीस तर रूस, फोन उचलू नकोस, काकांकरवी निरोप पाठव, मी ऐकणार नाही.

काकांना नमस्कार.

तुझी हट्टी भाची

ता. क. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येते आहे. रजा मिळाली. (मुकादमबाईंना कारण खरं सांगितलं. त्या दार लावून माझ्याशी अर्धा तास बोलल्या. त्यांनाही एक मैत्रीण आहे.)

आणखी एक. डॉक्टरीणबाईंकडे नाव तुझं दिलं आहे. शेजारणीचं नाव मला ठाऊक नाही, आणि मला वाटतं तुलाही नसावं. तिला लाज वाटत असेल तर राहू दे तिला घरी. तू तेवढी तयार होऊन बस, आत मी तुझा हात धरून उभी राहीन.