एका नावाच्या दोन युद्धनौका

माई,

परवा ऑफिसात एका बुडालेल्या जहाजावरून माझं आमच्या संपादकांशी वाजलं. वाजलं म्हणजे इथल्या रीतीनं वाजलं. ते म्हणाले, "हे जरा अवघड आहे," मी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि दोघंही जागचे हललो नाही. शेवटी चहा आला आणि विषय सोमवारवर गेला. मी इतकी दमले होते की घरी येताना माझं स्टेशन मागे पडलं तरी जागेवरून उठवेना. आणि तशी बसलेली असतानाच तू आठवलीस.

तुला पहिल्यापासून सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं. यांची इकडे बदली झाली, तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहिलोच. इथे जपानात, एदोगावा भागात घर आहे. लेक कॉलेजात जाते, मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते, बहुतेक वेळा एकाच शब्दाचं. मी एका लहानशा प्रकाशकाकडे काम करते. जगातल्या जुन्या आरमारांवर ते जाडजूड पुस्तकं काढतात, एका पुस्तकात एका देशाचं आरमार. ही पुस्तकं घेणारे बहुतेक निवृत्त पुरुष. ते घरात बसून प्लास्टिकच्या चिमुकल्या युद्धनौका जोडतात आणि एखादी तोफ चुकीच्या जागी छापली की आम्हाला अतिशय नम्र भाषेत खडसावतात. सध्या स्पेनची पाळी आहे. मला स्पॅनिश वाचता येतं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. ते स्पॅनिश कुणामुळे, हे मी तुला सांगायला नको. बाबा म्हणाले होते, "ही काय स्पेनच्या राजाकडे नोकरीला जाणार आहे?" तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "न जाईना का. तिला आवडतंय ना!" आणि पुढच्या आठवड्यात मला क्लासच्या दारापर्यंत सोडायला आलीस. क्लास सुटेपर्यंत तू खालच्या पायरीवर बसून होतीस, हे मला नंतर वॉचमननं सांगितलं.

तर ही जहाजं. आमच्या कामात आधी जात ठरवायची असते. एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं एका वर्गात, ती सगळी बहिणी-बहिणी, आणि वर्गाला नाव थोरलीचं. स्पेनची एक जुनी युद्धनौका अशी होती की तिला बहीणच नव्हती, खलाशी तिला एकटी म्हणायचे. तिचं काम सोपं, एका दुपारी झालं. घोळ पुढच्या तिघींचा. तिघीही एका साच्यातल्या. मोठ्या तोफांच्या त्या काळच्या युद्धनौकांत जगात सगळ्यात लहान, कारण देशाच्या तिजोरीत तेवढंच होतं. थोरलीला देशाचंच नाव, एस्पान्या. मधलीला राजाचं, आणि धाकटीला जुन्या काळच्या एका राजाचं. थोरली मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ धुक्यात खडकावर चढली. तोफा काढून घेतल्या, पण तिला सोडवता आलं नाही, पुढे समुद्रानंच तिचे दोन तुकडे केले. काही वर्षांनी राजा देश सोडून गेला, तेव्हा त्याच्या नावाचं जहाज चालेना. मग त्यांनी मधलीला मेलेल्या थोरलीचं नाव दिलं. ती एस्पान्या झाली, यादवी युद्धात सापडली आणि आपल्याच लोकांनी पेरलेल्या सुरुंगावर जाऊन बुडाली. धाकटी त्याच साली बंदरात उभ्या उभ्या स्फोट होऊन संपली.

एक नाव, दोन जहाजं. त्यामुळे जुन्या पुस्तकांत काय खिचडी आहे म्हणून सांगू! थोरलीच्या पानावर मधलीचे फोटो. एका ठिकाणी तर थोरली आधी खडकावर आपटते आणि चौदा वर्षांनी सुरुंगावर पुन्हा बुडते. कितीतरी महिने मी एकेक फोटो उलटून मागची तारीख बघतेय, पाठीमागचं बंदर ओळखतेय आणि ही तिची, ही हिची असं करतेय. डोळे गेले माझे. संपादक म्हणाले, "वाचक नावानं शोधतो. एकच नोंद करू, त्यात दोन्हींचा इतिहास. दुसरीचं आधीचं नाव खाली बारीक अक्षरात देऊ." मी म्हणाले, तिचं निम्म्याहून जास्त आयुष्य त्या आधीच्या नावानं गेलंय, ते बारीक अक्षरात कसं जाईल? तर ते म्हणाले, "मग ‘एस्पान्या, दुसरी’ असं मथळ्यात घालू या का?" माणूस अगदी भला आहे. पण ‘दुसरी’ म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

आपल्या चाळीत बायका तुझी ओळख अशीच करून द्यायच्या. "ही यांची दुसरी." तुझ्यासमोर. तू हातातलं काम न थांबवता हसायचीस. आणि भिंतीवर आईचा फोटो, त्याला हार, खाली तिचं नाव. तेच आता तुझंही नाव. मी शाळेतून येते तेव्हा तू स्टुलावर चढून तो फोटो पुसत असतेस, पदरानं नाही, वेगळ्या धुतलेल्या फडक्यानं. पाहुणे यायचे, फोटोखालचं नाव वाचायचे, मग बाबा तुला त्याच नावानं हाक मारून चहा सांगायचे, आणि पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मला तेव्हा गंमत वाटायची. मोठी झाल्यावर राग यायला लागला. वाटायचं, बाबांना जिभेची सवयसुद्धा बदलायचा कंटाळा आला. बायको बदलली, नाव तेच ठेवलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नाव लिहिताना या माणसाचा हात जरा तरी अडखळला असेल का? हे त्यांना विचारायचं धाडस माझं कधी झालं नाही. पण त्यांच्याशी माझं जे तुटक वागणं होतं, ते या एका गोष्टीमुळे होतं. ते गेले तेव्हाही माझ्या मनातून हे गेलं नव्हतं.

तुला मात्र मी एकदा विचारलं. नववीत असेन. मेथी निवडत बसलो होतो. मी म्हणाले, "माई, तुझं खरं नाव काय गं?" तू म्हणालीस, "हेच." मी म्हणाले, "हे आईचं. तुझं माहेरचं काय?" तू माझ्यापुढची जुडी उचललीस, मी टाकलेल्या काड्यांतली पानं वेचून परत टोपलीत घातलीस आणि चांगल्या करड्या आवाजात म्हणालीस, "हाक मारलीस की येते ना मी? मग झालं. नीट निवड." इतक्या करड्या आवाजात तू कधी बोलायची नाहीस, म्हणून मी परत विचारलं नाही.

परवा ट्रेनमध्ये हेच डोक्यात आलं. एका परक्या देशाच्या जहाजाचं जुनं नाव ठळक अक्षरात यावं म्हणून मी भांडतेय, आणि ज्या बाईनं मला वाढवलं तिचं नाव मला ठाऊक नाही. तुझी चिपळूणची बहीण तेवढी उरलीय. तिच्या सुनेचा मेसेज येऊन पडला होता की मावशी आता माणसं विसरायला लागल्यात, बोलायचं असेल तर लवकर बोला. तो वाचून मी उद्या उद्या करत होते. इथे दिवस कसा जातो ते तुला काय सांगू. सकाळी कचरा वेगळा करा, जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, मग सायकलनं स्टेशन, मग दिवसभर जहाजं वेगळी करा. संध्याकाळी कुणाशी दोन शब्द बोलायचंही त्राण नसतं. पण मावशी विसरली असती तर ते नाव कायमचंच गेलं असतं. म्हणून काल, रविवारी दुपारी, फोन लावला.

सुनेनं दिला. "कोण? जपानवाली?" मावशी ओरडली. "अगो, जेवलीस का?" मला ओळखलं, एवढ्यानंच मला रडू आलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "मावशी, माईचं लग्नाआधीचं नाव काय होतं?" "कुणाचं?" तिनं विचारलं. मला वाटलं, संपलं, उशीर झाला. मग म्हणाली, "ता कशाला हवंय तुला आता?"

"मला ठाऊक नाही म्हणून. बाबांनी ते पुसून टाकलं."

"तुझ्या बापसानं?" मावशी चक्क हसली. "त्यानं कुठलं? त्यानं दुसरंच नाव काढलंन होतं, चांगलं होतं, आम्हा सगळ्यांना आवडलं होतं. हिनं मोडता घातलान. अगो, लग्नाच्या सकाळी तू मांडवात हिंडत होतीस. कुणी विचारलं, बाळ नाव काय, तर घडाघडा पाठ म्हणायचीस. तुझं नाव, बापसाचं नाव, आईचं नाव, घराचा नंबर. हरवलीस तर सांगता यावं म्हणून तुझ्या आईनं शिकवलेलं. तर कोण एक शहाणी म्हणाली, आता आईचं नाव बदललं हो, नवीन पाठ कर. अशी रडलीस, अशी रडलीस की उचकी थांबेना. ही आत नेसत होती. ऐकलंन. मला म्हणाली, जा, त्यांना सांग, ताटात तेच नाव लिहा. पोरीला एकच पाठ राहू दे."

मला यातलं काही आठवत नाही, माई. मांडव नाही, रडणं नाही. मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते आणि लेक विचारत होती काय झालं, जपानीत. मावशी पुढे बोलत होती. "आम्हा सगळ्यांना शपथ घातलीन, पोरीला सांगायचं नाही, तिला उगाच ओझं. आता तूच म्हातारी व्हायला आलीस, म्हणून सांगितलं." मग न विचारता तिनं तुझं नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. सुंदर आहे. तू आयुष्यभर गुपित राखलंस, ते मी इथे लिहीत नाही.

आज सोमवार. संपादक आपणहून म्हणाले की दोन वेगळ्या नोंदी करू, मधलीची दोन्ही नावं सारख्याच अक्षरात. मी आभार मानले, वाकले, जागेवर येऊन बसले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. इतकी वर्षं बाबांवर जो राग धरला तो आता कुठे ठेवायचा ते कळेना. दुपारी जेवायच्या सुट्टीत तुझं नाव हळूच उच्चारून बघितलं. कुणी अनोळखी मुलगी वळून बघेल असं वाटलं. तू त्यात नव्हतीस.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. यांनाही कधी सांगितलेलं नाही. रोज दिवा लावताना मी आईचं नाव घेऊन नमस्कार करते. तिच्यासाठी म्हणूनच करते. त्या दोन जहाजांचा एकही फोटो आता माझ्या हातून चुकायचा नाही. पण आईचं नाव घेतलं आणि डोळे मिटले की तूच दिसतेस, माई. पहिल्यापासून तूच दिसतेस.