भद्रकालीचा मुकुट

आलुवा, ता. ३ फेब्रुवारी १९५८
ती. शंकुण्णीचेट्टन यांस,
दाक्षायणीचे शि. सा. नमस्कार वि. वि.

तीन पत्रं झाली, उत्तर नाही. बोटं झडली की पोस्टमन मेला?

भार्गवीवहिनी माझ्याकडे ठीक आहे. जेवते, कपडे धुते, माझ्या मुलींच्या वेण्या घालते. तुमची लेक अम्मिणी देवाघरी जाऊन दोन महिने झाले, पण तिचं नाव एकदाही काढलेलं नाही. काल भात वाढता वाढता फक्त विचारलं की, यंदाही ते देवीचा मुकुट चढवणार का? चेट्टा, दादा, त्या रात्री तू दुसऱ्या गावी देवळाच्या खेळात काली होऊन नाचत होतास आणि इथे पोरीचा ताप चढत गेला. वैद्यच म्हणाले होते, सकाळपर्यंत उतरेल. तुला कुणी दोष देत नाही. पण वहिनीला दोन ओळी तरी लिही.

जीव आहे तोवर माया असू दे.
तुझी दाक्षायणी

ता. ११ फेब्रुवारी
चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

बोटं शाबूत आहेत. लिहायला काही नाही. उठतो, कांजी पितो, नारळ सोलतो.

देवळातली मंडळी आली होती. म्हटलं, यंदा काली कुट्टप्पनला करा. ते म्हणाले, तो कालीपुढे पळणारा दारिकासुरच बरा, मुकुट घातला तर भोपळ्यावर कळस दिसेल. सगळे हसले. मीही हसलो असेन. शेवटी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

भार्गवीला काय लिहू? तूच सांग.
शंकुण्णी

ता. २ मार्च
चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

कुणाकडून ऐकण्याआधी मीच कळवतो. खेळ झाला. तोंडभर तांदळाच्या पिठाचे ठिपके, डोक्यावर मुकुट. दारिकाच्या मागे धावलो. पायांना सवय आहे. लोक म्हणत होते, देवी अंगात आली. माझ्या अंगात कुणीच नव्हतं.

मग रिवाजाप्रमाणे बाया आपली लेकरं कालीच्या हाती देऊ लागल्या. चौथं पोर हाती आलं ते तव्यासारखं तापलेलं. आईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, तीन दिवस, आता कालीआईच्या हातात दिलं, काळजी मिटली. मी तिथेच मुकुट उतरवून जमिनीवर ठेवला. काली कधी मधेच मुकुट उतरवत नाही. पोर छातीशी धरलं, आईला म्हटलं चल, आणि त्याच वेषात दोन मैल धावत दवाखाना गाठला. कंपाउंडर मला पाहून किंचाळला.

पोर वाचलं. मंडळींनी निरोप धाडलाय की, देवीच्या हातून पोर दवाखान्यात नेणाऱ्याने पुन्हा मुकुटाला शिवू नये. ठीक आहे. आनंद, दुःख, काहीच वाटलं नाही. हात मात्र अजून गरम वाटतात.
शंकुण्णी

आलुवा, ता. ७ मार्च
श्री. शंकुण्णी कुरुप यांस,
भार्गवीचा नमस्कार.

तुमचं पत्र दाक्षायणीने वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

ते पोर मुलगा की मुलगी, ते तुम्ही लिहिलं नाही.

मी गुरुवारच्या दुपारच्या गाडीने येते. फाट्यावर या. माफ केलं म्हणून येत नाही. त्या रात्री तुम्ही का गेला होतात, ते मला अजूनही विचारायचंय, आणि ते पत्रातून विचारता येत नाही.

रडू मला अजून आलेलं नाही. तुम्हालाही नाही, असं दाक्षायणी म्हणते. तिथे आल्यावर बघू.

भार्गवी