पाच घरांचं सोनं

६ जानेवारी, सोमवार

खाण मेल्यावर गावानं काय करायचं असतं? मला माहीत नाही.

होन्नकेरीत पुतळाबाईंनी विचारलं होतं. “खान मेली. आता गावानं काय करावं, सांग की. तू शिकलेली हायस.” मी पाणी प्यायले. घरी येऊन चार दिवस झाले.

होन्नकेरी कर्नाटकात. सोन्याची खाण, शंभर वर्षांची, आता बंद. खाणीच्या मालकांना तिथे औद्योगिक शहर उभारायचंय. बेलापूरच्या आमच्या ऑफिसला त्यांनी संग्रहालय आणि फिल्म करायचं काम दिलंय, आणि वसाहतीचा इतिहास लिहायला मला पाठवलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, वर इतिहासात एम.ए. — आईने आळीत सगळ्यांना सांगितलं की रुतिका सोन्याच्या खाणीत चाललीय.

तिथे काय बघितलं ते लिहून ठेवते. पश्चिमेला टेकडी, टेकडीवर साहेबांचे बंगले, क्लब, टेनिसचं मैदान. वारा पश्चिमेचा. दगड दळून सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचा डोंगर पूर्वेला, आणि डोंगराच्या पलीकडे, त्याच वाऱ्यात, कामगारांच्या लाइनी, म्हणजे एकेका खोलीच्या घरांच्या रांगा. गाव आखणाऱ्याला वारा नक्की कळत होता! खाणीत विजेचे दिवे आले त्यानंतर एक पिढी गेली, मग लाइनींत आले. पुतळाबाईंचे आजोबा सोलापूरकडून आले, त्या लाइनीतच जन्मल्या. आता लाइनी पाडायच्या आहेत. या माणसांना गावाबाहेर इमारतींत खोल्या मिळणार म्हणे. त्यासाठी त्यांच्या सह्या हव्यात.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिथल्या बायका सोनं घालत नाहीत. खाणीतून वर येणाऱ्याची झडती व्हायची — तोंड उघड, केस सोड. घरातल्या बाईच्या अंगावर सोनं दिसलं की पोलीस दारात. म्हणून मंगळसूत्रातसुद्धा पितळेच्या वाट्या. खाण बंद झाली तरी तशाच. तीन पिढ्या सोनं काढलं, आणि घरात गुंजभर नाही.

९ जानेवारी, गुरुवार

ऑफिसच्या प्रमुख राजेश्वरी मॅडमनी माझ्या मजकुरातलं वाऱ्याचं पान काढलं. झडतीचं पण. “छान लिहितेस, पण जड होतं गं. लोकांना पुढचं बघायचं असतं.” मी म्हटलं, मागचं कळल्याशिवाय पुढचं कसं दिसेल? त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनीच विचारलं — होन्नकेरीच्या लोकांना दाखवायला एक छोटी फिल्म हवीय, शहरासाठी ज्यांनी आधी जागा दिली अशा एखाद्या गावाची. कुठलं घेऊ या?

मी म्हटलं, सारसोळे. नवी मुंबई वसवताना जमीन गेलेलं आमचं कोळ्यांचं गाव घ्या. कोणी बोलायला लावलं नव्हतं, मीच बोलले. ज्यांच्या बाबतीत सगळं घडून गेलंय त्यांनी ज्यांच्या बाबतीत घडायचंय त्यांना सांगावं — याहून चांगला इतिहास कुठला? मॅडम लगेच हो म्हणाल्या. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१२ जानेवारी, रविवार

फिल्ममध्ये बोलायला आई नाहीच म्हणत होती. “मना नाय जमाचा कॅमेऱ्यापुढं.” बाबा जाळं शिवत होते. हल्ली होडी वाळूवर असली तरी जाळं शिवतात. म्हणाले, घे ना, तुज्या आयशीला हिरोईन कर, मना हिरो, दोघांचा लगीन पुन्ना लाव. आईने त्यांना झाडू दाखवला.

मी तिला पुतळाबाईंबद्दल सांगितलं. तीन पिढ्या, लाइनी, सह्या. ती भांडी घासत ऐकत होती. शेवटी म्हणाली, त्या बायांसाठी बोलन.

१८ जानेवारी, शनिवार

शूटिंग झालं!

सकाळी उठून बघते तर घरात आळीतल्या बायकांची गर्दी. उज्वलाकाकीने आपला हार आणलेला, बाजूच्या काकूंनी पाटल्या, कोणी गळ्यातलं गाठलं, कोणी कानातलं. पाच घरांतलं सोनं एकट्या आईच्या अंगावर. मी म्हटलं, अगं साधी बस, रोजच्यासारखी. आई म्हणाली, “सोना घातल्याबिगर बाहेरच्या मानसापुढं बसाचा नाय. ती एकटी नाय बसत, आळी बसते.” हे मला लहानपणापासून माहीत आहे. लग्नाची बोलणी असोत, मोजणीवाला साहेब येवो, जी पुढे बसते तिच्या अंगावर आळीचं सोनं. आम्ही भिकारी नाही, एवढं आधी दिसायला हवं, मग पुढचं बोलणं. मी वाद घातला नाही. खरं तर मला ती फार सुंदर वाटली.

फ्रेममध्ये मासळी हवी म्हणून युनिटने बाजारातून सुरमई आणि पापलेटं विकत आणून टोपलीत रचली. आईला हसू आवरेना.

मग ती बोलली. मी समोर बसले होते, शब्द न् शब्द लक्षात आहे.

“जमीन थोडी व्हती. तिचे पैशे आले न गेले. पन आमचा शेत म्हंजे खाडी. खाडीचा सातबारा नसतं, म्हनून खाडी गेली तिचा कोनी काय दिला नाय. आता मी कोलीन असून भाऊच्या धक्क्यावरना मासली इकत आनतंय न नेरूलला इकतंय. बायांनो, तुमचाकडं कोन सही मागाया आला तं पयला इचारा — जो आमचा घेताव, त्याला तुमच्या कागदावर नाव हाय काय? ज्याला नाव नाय, ता फुकट जातं.”

पाच वर्षं कॉलेजात जे शिकले त्यात हे वाक्य कोणी लिहिलेलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

ज्याचं त्याचं सोनं आईने घरोघरी नेऊन दिलं. प्रत्येक घरी चहा.

२९ जानेवारी, बुधवार

फिल्म बघितली.

आधी अंधारात खाडी. मग आईचा गळा — जवळून, आणखी जवळून. हार, पाटल्या, गाठलं. कानातलं हलतंय. मग टोपलीतली पापलेटं. मग पाम बीच रोडचे टॉवर. मागून एक भारदस्त आवाज: सारसोळ्याच्या जमुनाताई, खाडीकाठची एक साधी कोळीण. शहर आलं, आणि आयुष्य बदललं. मग मी, ऑफिसमध्ये, कॉम्प्युटरपुढे. आईचं एकच वाक्य ठेवलंय, शेवटी, हसत: “माजी पोरगी एम.ए. झाली.”

बाकी काही नाही. खाडीचं नाही. धक्क्याचं नाही. कागदावरच्या नावाचं नाही.

एडिट सबिहाने केलंय. माझी मैत्रीण, राहते तळोज्याला, संध्याकाळी बेलापूर स्टेशनपर्यंत एकत्र जातो. तिला विचारलं, तू ऐकलंस ना आई काय बोलली ते? मान खाली घालून म्हणाली, “ऐकलं ना यार. तीन वेळा ठेवलं, तीन वेळा मॅडमनी उडवलं. माझ्यावर अख्खं घर चालतं रुतिका, तुला माहितीये.” माहीत आहे. तिच्याशी भांडता येत नाही, हाही एक वैताग.

पटकथा: रुतिका रोहिदास कोळी. नाव ठळक आहे.

३० जानेवारी, गुरुवार

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही. म्हटलं, ही खोटी फिल्म आहे.

“यातलं एक वाक्य खोटं दाखव.”

मी दाखवू शकले नाही. सोनं खरं आहे. टॉवर खरे आहेत. मी एम.ए. आहे. मी म्हटलं, ते सोनं तिचं एकटीचं नाही. त्यांनी विचारलं, मग काय, भाड्याने आणलं होतं? आणि खरंच उत्सुकतेने बघत राहिल्या. आळीचं सोनं म्हणजे काय हे त्या केबिनमध्ये उभं राहून सांगायला लागले, तर माझ्याच कानाला ते फसवणूक केल्यासारखं ऐकू आलं. मध्येच थांबले.

मग त्यांनी गोड आवाजात सांगितलं — अकरा तारखेला होन्नकेरीत सह्यांची सभा आहे, मी फिल्मनंतर दोन शब्द बोलावेत. शक्यतो आईसारख्या साडीत. “तू म्हणजे जिवंत पुरावा आहेस गं.” एप्रिलपासून मला कायम करणार आहेत.

इतिहास म्हणजे पुरावा, असं मी पहिल्या वर्षाच्या वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. आता मीच.

१ फेब्रुवारी, शनिवार

आईला काही सांगितलं नाही. ती विचारते, कंदी दाखवनार? मी म्हणते, काम चालू आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुतळाबाईंचा फोन. फिल्म तिथे पोचली, शनिवारी शाळेच्या पटांगणात पडदा लावून दाखवली. मला कोणी सांगितलंही नाही.

फार खुश होत्या. “तुझी आई बघितली पोरी. आमच्या बाया निस्त्या बघतच ऱ्हायल्या. एवढं सोनं आमच्या घरधन्यानं खानीतबी एका जागी बघितलं नसंल.” लाइनीतल्या सगळ्यांनी ठरवलंय — सही करायची.

मी सांगितलं. सगळं. की आई असं बोललीच नव्हती, बोलली ते कापलं. की ती धक्क्यावरून मासळी विकत आणते. की सोनं पाच घरांचं होतं. की घाई करू नका, आधी भुकटीचा डोंगर, विहीर, शाळा, मागचं परस — काय काय कागदावर आहे ते विचारा.

पुतळाबाई वेगळ्याच सुरात म्हणाल्या:

“तुमचं समदं मिळून झालं. तू शिकलीस, नोकरीला लागलीस, आई सोन्यानं मढली. आन आता आमची पाळी आली तर नगं म्हनतीस व्हय?”

फोन ठेवला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच वेळा लावला. उचलत नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईला फिल्म दाखवली. मोबाइलवर. ती पहिल्यांदा हसली, स्वतःला बघून. मग वाट बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, माजा बोलना कय हाय?

नाही ठेवलं, म्हटलं.

मला वाटलं ती त्यावर चिडेल. ती दुसऱ्याच गोष्टीने पांढरी पडली. “ह्या सगल्या सोन्यावर माजा एकटीचा नाव लावला?” आळीत ही फिल्म कोणी बघितली तर उज्वलाकाकीला काय वाटेल? जमुनाने आपल्या हारावर मिरवून घेतलं? पदर तोंडाला लावून बसली. मग उठून एकेका घरी स्वतः सांगायला गेली. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली.

बाबा एवढंच बोलले: “तुजा कसूर नाय. तुला वाटला, सांगितला का लोकांना समजतं.”

हे बाबा मला समजावायला बोलले. पण तेच लागलं. लिहिलं की समजतं, बोललं की समजतं, फिल्म दाखवली की समजतं — मी धरूनच चालले होते. पुतळाबाईंना मी शब्द दिले. मॅडमनी त्यांना सोनं दाखवलं. बघितलेलं जिंकणारच. होन्नकेरीत टेकडीवर उभी राहिले तेव्हा मलाही वारा कुठल्या पुस्तकाने सांगितला नव्हता. अंगावर आला, म्हणून कळला.

आई सगळी घरं करून आली. तोंड सुजलेलं. म्हणाली, उज्वला बोलली, त्या बायांना हितं आनाचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसला गेले नाही. होन्नकेरीला चाललेय. फक्त सबिहाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मला काही माहीत नाही, तू मला फोनच केलेला नाहीस. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: नीट जा.

९ फेब्रुवारी, रविवार

पुतळाबाईंनी दार उघडलं तेव्हा मी काहीही समजावलं नाही. म्हटलं, चला आणि बघा, मग करा सही, मी अडवणार नाही. दिवसभर दारात बसून राहिले. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “खोटं निघालं तर तुझ्या आईच्या तोंडावर सांगीन.” आणि पिशवी भरायला आत गेल्या. त्यांच्या मागे लाइनीतल्या आणखी सात जणी.

आज सकाळी पोचलो. पाचही घरांत वाटून उतरल्यात. मॅडमना वाटेतूनच कळवलं, अकरा तारखेला मी बोलणार नाही, कामावरही येणार नाही.

आता ओहोटी आहे. आई आणि उज्वलाकाकी त्यांना घेऊन खाडीवर गेल्यात, उद्या पहाटे धक्क्यावर नेणार. मी मुद्दाम गेले नाही.